कोऱ्या नळीतला माणूस

निसार मुजावर कॉलेजात नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याकडे बेडूक मोजून घ्यायचं काम होतं. आठवड्यातून एकदा गोणपाटानं तोंड बांधलेली टोपली यायची आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागच्या हौदाशी बसून निसार एकेक बेडूक उचलून पाण्यात सोडायचे. सव्वीस म्हणून आलेल्या टोपलीत चोवीस निघाले, तर टोपली आणणाऱ्यालाच हौदाशी बसवून पुन्हा मोजायला लावायचे. पुढे बेडूक कापणं बंद झालं. टोपली गेली, हौदात कमळं आली, चार प्राचार्य बदलले. निसार तिथंच राहिले. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, मुलांच्या तोंडी 'मामा'.

अंगानं बारीक, केसांना मेंदी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक राखीव निळं. नळ कोपरानं बंद करायची सवय. लग्न होऊन आलेल्या खैरुनबींनी पहिल्या दिवशी त्यांना कोपरानं नळ फिरवताना बघितलं आणि नवऱ्याचा हात अधू आहे हे आपल्यापासून लपवलं गेलं, असं समजून त्या रात्रभर रडल्या होत्या. निसार ही गोष्ट अजून हसत सांगतात. खैरुनबी हसत नाहीत.

पाचेक वर्षांपूर्वी इचलकरंजीला कुणीतरी फॉरेन्सिकचा कोर्स काढणार अशी कुणकुण संस्थेचे अध्यक्ष जोतीराम आण्णा यांच्या कानावर आली. आण्णांचा त्या विषयाशी संबंध एवढाच, की इचलकरंजीनं काही काढलं तर कोल्हापुरानं ते आधी काढलेलं असलं पाहिजे. पुढच्या जूनपर्यंत 'गुन्हे अन्वेषणासाठी डीएनए विश्लेषण' ही पदविका सुरू झाली. वनस्पतिशास्त्राची खोली रिकामी करून तिला काचेचं दार बसवलं. बेंगळुरूहून वापरलेलं पण चालू स्थितीतलं मोठं यंत्र आलं. ते बघायला आलेले आण्णा यंत्राभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "सगळं बेस हाय. पर ह्यात रक्त ओतायचं कुठनं?"

शिकवायला प्रियदर्शनी मॅडम आल्या. हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत शिकलेल्या, आणि इथं आल्यापासून तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करणाऱ्या. मुलं आली मुरगूड, कागल, शिरोलीकडची. बहुतेकांनी या विषयाचा अभ्यास टीव्हीवर केलेला होता. काळा चष्मा, लांब कोट आणि जाहिरात लागायच्या आत सापडणारा खुनी अशी त्यांची अपेक्षा. इथं पहिले दोन महिने नुसत्या नखाएवढ्या नळ्यांवर बारीक अक्षरात क्रमांक लिहायचे. पहिल्या तुकडीतल्या एका मुलानं ऑगस्ट संपता संपता हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, खून कधी येणार?"

मॅडमच्या महिन्याभरात लक्षात आलं, की शिकवलेलं मुलांच्या डोक्यात जातंय, पण हातात उतरत नाही. हातमोजे घालून मुलं नाक खाजवत, तेच हातमोजे घालून मोबाइल बघत. मग त्यांनी मुलांचे हात निसारमामांच्या ताब्यात दिले.

मामांनी त्यावर हळदीचा उपाय काढला. नव्या मुलांना बाहेरच्या वर्गात हातमोजे घालायला लावायचे, उजव्या तर्जनीला चिमूटभर ओली हळद लावायची आणि सांगायचं, "आता रोजच्यासारखं काम करा. माझ्याकडं लक्ष देऊ नका." दहा मिनिटांनी सगळ्यांना उभं करायचं. पिवळं पेन, पिवळी वही, पिवळं कपाळ, दाराची पिवळी मूठ. एका मुलीच्या तर दाताला हळद लागली होती.

"जितं पिवळं, तितं तुमी," मामा सांगत. "हळद दिसती म्हणून कळालं. तुमी न्हाय दिसत. यंत्राला मात्र दिसताय."

त्यांचा दुसरा धडा होता कोऱ्या नळीचा. प्रत्येक तपासणीत एक नळी कोरी ठेवायची असते. इतर नळ्यांत जे पाणी, जी औषधं, ती सगळी तिच्यात घालायची, फक्त कुणा माणसाचा नमुना घालायचा नाही. शेवटी यंत्राच्या कागदावर बाकीच्या नळ्यांच्या रेघांवर टेकड्या उमटतात, आणि त्या टेकड्यांच्या जागांवरून माणूस ओळखायचा. कोऱ्या नळीची रेघ मात्र सपाट यायला हवी. ती सपाट आली, की आपलं पाणी स्वच्छ, आपले हात स्वच्छ, मग दुसऱ्यावर बोट दाखवायला आपण मोकळे. "ती आपली साक्षीदार," मामा म्हणत. "तिनं त्वांड उघडलं की आपला खटला गेला."

दारात मामांनी एक रजिस्टर ठेवलं होतं. नाव, वेळ, कामाचं स्वरूप, मास्क, टोपी, सही. लाइट दुरुस्त करायला येणाऱ्या वायरमनपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ते लागू होतं. प्राचार्य त्यामुळे शक्यतो काचेबाहेरूनच खुणा करत.

आता खंडेनवमीचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजायची, तशी कॉलेजात सगळ्या प्रयोगशाळांतली यंत्रं पुजली जात, आणि गेली सदतीस वर्षं त्या पूजेची तयारी निसार मुजावर करत आले होते. सूक्ष्मदर्शकांना झेंडूचे हार कुठल्या अंगानं घालायचे म्हणजे भिंगाला पाकळी लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या प्रयोगशाळेत हळदकुंकू आत न्यायचं नाही, म्हणून त्यांनी दाराबाहेर पाट मांडायची पद्धत पाडली. पाटावर नळ्या ठेवायची एक मोडकी पट्टी आणि यंत्राचं जुनं झाकण ठेवायचं. यंत्राच्या वतीनं झाकण पूजा घेई.

या खेपेला आण्णांना पाट पसंत पडला नाही. "झाकणाबरोबर फोटो काढून घेऊ व्हय मी?" असं म्हणून ते माणसांसह आत निघाले. मामा रजिस्टर घेऊन आडवे आले. प्राचार्यांनी घाईघाईनं पेन काढलं आणि रजिस्टरात लिहिलं : 'मा. अध्यक्ष व मान्यवर यांना विशेष बाब म्हणून मास्क व टोपीतून सूट.' खाली सही, तारीख, शिक्का.

सगळे आत गेल्यावर कुणीतरी नारळ पुढे केला. नारळाचं पाणी आत उडू नये म्हणून मामा तो घेऊन मागच्या हौदापाशी गेले. नारळ हट्टी निघाला. चौथ्या फटक्याला फुटला. मामा परत येऊन बघतात तर आत, गाळलेली हवा सोडलेल्या काचेच्या पेटीसमोर आण्णा बसलेले, हातात पांढऱ्या झाकणाची बाटली, आणि फोटोवाला राजवीर, "आण्णा, जरा हसून," म्हणून खाली वाकलेला.

सगळे गेल्यावर मामांनी ती पांढऱ्या झाकणाची बाटली फेकून दिली, पेटी तीनदा पुसली आणि रजिस्टरात तशी नोंद केली. विषय संपला, असं त्यांना वाटलं.

नोव्हेंबरात विद्यापीठाची दोन सदस्यांची समिती पदविकेची मान्यता वाढवायची का ते बघायला आली. मुलांनी खोटी चोरी रचली होती. जिमखान्याची ढाल चोरीला गेलेली, आणि चोर ढाल उचलण्याआधी निवांत चहा पिऊन गेलेला. चोर झाला होता विश्वजित. दुसऱ्या वर्षाच्या अनुजानं त्या कपाच्या कडेवरून नमुना घेतला आणि समितीसमोर सगळी तपासणी एकटीनं केली. मुरगूडची पोरगी, आवाज खणखणीत, पण त्या तीन तासांत उघड्या नळीवर तिनं एक शब्द काढला नाही. मामा काचेबाहेरून तिच्या हातांकडे बघत होते. हातात खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी कागद आला. कपावर विश्वजित होता. त्याच्याबरोबर आणखी एक पुरुष होता. आणि तोच पुरुष कोऱ्या नळीतही होता. सपाट रेघेच्या जागी टेकड्यांची रांग, पन्हाळ्याकडे जाताना दिसते तशी.

समितीनं शेरा लिहिला : 'कोऱ्या नळीत अनोळखी पुरुष आढळला. तो कोण व तेथे कसा आला याचा खुलासा महिन्याभरात करावा.'

तिसऱ्या दिवशी अनुजाच्या वडिलांचा मुरगूडहून फोन आला. "लॅबमदी कोन बाप्या घुसालाय म्हनं?"

प्राचार्यांनी तातडीनं तीन जणांची चौकशी समिती नेमली. समितीची बैठक वीस मिनिटं चालली. त्यातली बारा मिनिटं वड्याबरोबर पाव आले नाहीत या विषयावर गेली. उरलेल्या आठ मिनिटांत निष्कर्ष निघाला : प्रयोगशाळेच्या स्वच्छतेची जबाबदारी परिचराची, परिचर पुरुष आहे, नळीत पुरुष सापडला आहे. संध्याकाळी पाच वाजता मामांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. समाधानकारक उत्तर न आल्यास सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा नोंदवण्यात येईल.

निसार जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. सदतीस वर्षांच्या सेवापुस्तकात तांबड्या शाईचं एक अक्षर नव्हतं. ते पुस्तक त्यांनी दोनदाच बघितलं होतं, पण ते तसं आहे हे त्यांना रोज ठाऊक असायचं.

घरी खैरुनबींनी चहा पुढे ठेवला. "क्या जी, मुँह कायकू उतरा?"

निसारनी सांगितलं.

"तुमारे हाथ गंदे बोले?" खैरुनबी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "सैंतीस साल मेरेकू आटा मळने नै दिए बिना हाथ धोए. कौन बोल्या वो? उसकू भेजो मेरे पास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मॅडमसमोर तोंड उघडून धरलं. "माझा घ्या आधी."

अनुजानं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. यावेळी सगळी औषधं आणि पाणी नव्या खोक्यातलं वापरलं. कोरी नळी सपाट आली, आणि मामांच्या टेकड्या त्या अनोळखी पुरुषाच्या टेकड्यांशी कुठंच जुळल्या नाहीत. मॅडम कागद घेऊन धावत प्राचार्यांकडे गेल्या.

प्राचार्यांनी कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा. "पण मॅडम, ज्या लॅबमध्ये घोळ झाला, तिचाच कागद कसा मानायचा?"

"सर, मग आपण मुलांना दोन वर्षं काय शिकवतो?"

"शिकवणं वेगळं, चौकशी वेगळी," प्राचार्य समजुतीच्या स्वरात म्हणाले. "खरा माणूस सापडला तर आणा. नाहीतर आहे तो माणूस आहेच की."

आता खरा माणूस शोधायचा. रजिस्टराप्रमाणे खंडेनवमीपासून समिती येईपर्यंत आत गेलेले पुरुष, मामा आणि सरावातच नमुने तपासून झालेली मुलं सोडून, अकरा. मॅडमनी सगळ्यांना नमुना द्यायची विनंती केली, आणि स्टाफरूममध्ये पूर्वी कधी नव्हती अशी शांतता पसरली. गणिताच्या सरांना आठवलं की आपल्याला दाताचं दुखणं आहे. भूगोलाच्या सरांनी, हा अहवाल पत्नीला मिळू शकतो का, असं तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. ग्रंथपाल म्हणाले, नमुना देतो, पण पोचपावती हवी. अनुजा काड्या घेऊन प्रत्येकामागं फिरली. "सर, मी दुखवत नाय. मी हळू फिरवतो." तिच्या चिकाटीपुढे एकेक तोंड उघडत गेलं. फोटोवाल्या राजवीरनंही दिला. दहा झाले. एकही जुळला नाही.

उरले आण्णा.

"अध्यक्षांचा नमुना?" प्राचार्य खुर्चीतून अर्धवट उठले. "मॅडम, तुमचा अर्ज जूनमध्ये कुणाच्या टेबलावर जातो, ठाऊक आहे ना?"

मामांनाही आण्णांची खात्री वाटत नव्हती. त्यांनी ती बाटली स्वतःच्या हातानं फेकली होती. पांढऱ्या झाकणाची. मग आण्णा नळीत शिरणार कुठून?

कॉलेजच्या फाटकावर दसऱ्यापासून एक फ्लेक्स लागला होता. पंधरा फुटी. मामा रोज दोनदा त्याच्याखालून सायकल काढत. रोज दिसणाऱ्या फ्लेक्सकडे कोल्हापुरात कोण बघतो? पण त्या दुपारी सायकलची चेन उतरली. ती चढवून काळे हात धरून मामा उभे राहिले, आणि पुसायला काही मिळतंय का म्हणून इकडंतिकडं बघताना त्यांची नजर वर गेली.

'विज्ञानाच्या सेवेत सदैव तत्पर.' खाली आण्णा, काचेच्या पेटीसमोर, मास्क नाही, तोंड भरून हसताहेत. दाढा मोजून घ्याव्यात एवढा मोठा फोटो. आणि आण्णांच्या हातात बाटली होती ती निळ्या झाकणाची. झाकण शेजारी उताणं पडलेलं. उघड्या बाटलीच्या तोंडावर आण्णांचं उघडं तोंड.

मामांनी तशाच काळ्या हातांनी राजवीरला फोन लावला.

"व्हय मामा," राजवीर म्हणाला. "पांढरं झाकण आण्णांच्या शर्टात मिसळून जालतं. निळं उठून दिसतंय म्हणून शेल्फावरची दुसरी घेतली. मस्त आलाय न्हवं फोटो? पर प्राचार्य साहेब म्हटले, पांढऱ्या बाटलीवर कंपनीचं नाव मोठं हाय, एक तिचाबी काढ. म्हणून शेवटाला परत ती दिली. तुमी नारळ फोडाय गेलता की."

ती निळ्या झाकणाची बाटली म्हणजे गाळलेलं पाणी. नंतर ते शेल्फावर परत गेलं, आणि महिन्यानं अनुजानं प्रत्येक नळीत तेच घातलं. कोऱ्या नळीतही. मामा फाटकाला टेकून बसले. आत हळद, नारळाचं पाणी येऊ नये म्हणून आपण बाहेर गेलो, आणि तेवढ्यात पंधरा फुटी माणूस आत आला.

मुलांना कळलं तेव्हा त्यांच्यात टीव्ही जागा झाला. "मामा, सोप्पं हाय," विश्वजित म्हणाला. "आण्णा हापिसात चहा पितात. कप मी ढापतो. सराव हाय मला."

"आनि त्यावरनं मी काढतो नमुना," अनुजा म्हणाली. "कुणाला कळणार बी नाय."

मामा कधी रागावत नसत. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "अन् मग तुमच्यात अन् त्या ढालचोरात फरक काय ऱ्हायला? तो खोटा चोर हुता, तुमी खरं व्हाल. ज्याचं त्याला इचारून घ्यायचं. न्हाय म्हटला तर न्हाय. मग माझं काय व्हायाचं ते हुईल." मग ते म्हणाले, "मी जातो इचाराय."

सोमवारी सकाळी आण्णांचं कार्यालय भरलेलं होतं. आण्णांच्या खुर्चीमागं भिंतीवर एका मिशाळ सरदाराचं तैलचित्र होतं. आण्णांचे पूर्वज. मागच्या निवडणुकीआधी एका चित्रकाराकडून करून घेतलेलं. चित्रकारानं आण्णांनाच समोर बसवून फक्त मिशा वाढवल्या होत्या.

"ये निसार," आण्णा ओरडले. "रिटायर व्हायला टाइम हाय की अजून. आत्ताच पेढं आणलंस?"

"पेढं न्हाईत आण्णा. हळद आणलीया."

"हळद? ह्या वयात?" आण्णा आपल्याच विनोदावर खुर्ची डुलवत हसले. सगळं कार्यालय हसलं.

निसार हसणं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "माझ्यावर नोटीस निघालीया. त्या नळीतला माणूस मी न्हवं. तुमी असाल असं मला वाटतंय."

कार्यालयातली सगळी माणसं एकदम पंख्याकडे बघायला लागली.

"मी?" आण्णा म्हणाले. "आरं, मी तितं कशाला हात बी लावला न्हाय. नुसता बसलो अन् हसलो."

"बोट द्या जरा."

आण्णांनी सवयीनं पुढे केलं. बोटाला शाई लावून घ्यायची त्यांना सवय होती. निसारनी डबीतली ओली हळद त्यांच्या तर्जनीला लावली. "आता तुमचं काम चालू द्या. मी हितंच हुबा हाय."

आण्णांनी दोन अर्जांवर सह्या केल्या. एकाला फोनवर झापलं. मिशीवरून हात फिरवला. कान खाजवला. शिरोलीहून आलेल्या एका पावण्याच्या पाठीवर थाप मारली आणि, "काळजी करू नगंस," म्हणून त्याचा गालगुच्चाही घेतला. दहा मिनिटांनी निसार म्हणाले, "आता बघा."

अर्ज पिवळे होते, फोन पिवळा, मिशी पिवळी, पावण्याचा गाल पिवळा. स्टार्चच्या पांढऱ्या शर्टावर पोटापाशी पाच ठिकाणी पिवळं होतं, आणि तिथं हात कधी गेला ते आण्णांना आठवेना.

"आयला," आण्णा हळूच म्हणाले.

"ह्यो नुसता हात झाला. थुक्का ह्याच्यापेक्षा लांब उडतोय. तुमी उघड्या बाटलीवर तोंड करून हसला. फाटकावर पुरावा टांगलाय, पंधरा फुटी."

आण्णांनी हातानंच सगळ्यांना बाहेर जायची खूण केली. दार लागल्यावर ते पुढे वाकले. आवाज एकदम खाली आला. "निसार, खरं सांग. त्या कागदात आनि काय काय निघतंय?"

"म्हंजे?"

"म्हंजे..." आण्णांनी मान न वळवता नुसत्या भुवईनं मागच्या तैलचित्राकडे दाखवलं. "घराणं बिराणं?"

निसारनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा आण्णांकडे. "एकट्याच्या नमुन्यात घराणं दिसत न्हाय आण्णा. तेवढाच माणूस दिसतोय."

"तेवढाच?"

"तेवढाच."

आण्णांनी मोठा श्वास सोडला. आपण तेवढेच आहोत याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला असावा. तरी लगेच हो म्हणाले नाहीत. पिवळ्या बोटाकडे बघत राहिले. "आनि न्हाय दिला तर?"

"तर न्हाय दिला. जबरदस्ती न्हाय. माझ्या पुस्तकात तांबडा शेरा बसंल, मी घरला जाईन." "बेडूक मोजायचो तवापासनं एक बी न्हाय बसलेला, म्हणून आलो."

आण्णांना बेडूक आठवले. ते त्या कॉलेजात शिकत होते, दोन वर्षं नापास होत होते, तेव्हा हौदाजवळ बसणारा हा पोरगेला माणूस त्यांना आठवला. त्यांनी तोंड उघडलं. "घे. पर काडी बारकी घे."

"आधी हितं सही करा. संमतीची."

अनुजानं नव्या बाटलीतून, नव्या नळ्यांतून तपासणी केली. कागद आल्यावर तिनं आधी कोऱ्या नळीची रेघ बघितली. सपाट होती, पहाटेच्या रंकाळ्यासारखी. मग तिनं आण्णांच्या टेकड्या त्या अनोळखी पुरुषाच्या टेकड्यांवर ठेवल्या. एकही टेकडी सरकली नाही.

ही बातमी आण्णांना कुणी सांगायची यावर प्राचार्यांच्या खोलीत पाऊण तास चर्चा झाली. तोवर आण्णा स्वतःच आले. कागद बघितला. क्षणभर त्यांचा चेहरा कोराच होता. मग ते असे हसले की प्राचार्यांच्या टेबलावरचा पेला हलला. "म्हंजे माझंच यंत्र मलाच धरतंय! आरं, इचलकरंजीत हाय का असलं?"

एवढ्यावर सगळं मिटायला हवं होतं. पण नोटिशीला जावक क्रमांक पडलेला होता, आणि जावक क्रमांक पडलेली नोटीस मागं घेता येत नाही, असं कार्यालयानं कळवलं. चौकशी समितीची पुन्हा बैठक झाली. यावेळी पाव आले होते. समितीला नवा मुद्दा सुचला : अध्यक्ष नळीत शिरले हे खरं, पण त्यांना मास्कशिवाय आत सोडलं कुणी? दारावर कोण होतं? परिचरच.

मामांनी रजिस्टर उघडून समितीपुढे ठेवलं. खंडेनवमीचं पान. 'विशेष बाब म्हणून सूट.' सही, तारीख, शिक्का. समितीनं ते पान वाचलं, समितीचे अध्यक्ष असलेल्या प्राचार्यांनी आपली सही ओळखली, आणि सभा चहासाठी तहकूब झाली.

नोटिशीला मामांनी लेखी उत्तर दिलं. एकाच ओळीचं, राखीव निळ्या पेनानं : 'कोऱ्या नळीत सापडलेला माणूस मी नव्हे, सोबत पुरावा जोडला आहे.' उत्तर समाधानकारक ठरलं. मान्यता वाढली. विद्यापीठाच्या समितीनं तर 'संस्थेने आपल्या अध्यक्षांचीही गय केली नाही' असं कौतुकानं लिहिलं, आणि आण्णांनी ते वाक्य फ्लेक्सवर घ्यायचं ठरवलं. जुनाच फोटो वापरायचा होता. मामा आडवे आले. मग राजवीरनं नवा फोटो काढला : आण्णा मास्क, टोपी, हातमोजे घालून. फोटोत कोण आहे हे कुणालाच ओळखू येईना, म्हणून खाली आण्णांचं नाव दुप्पट मोठं छापलं.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला. आण्णा बोलले, प्राचार्य बोलले; प्राचार्यांनी 'निसारभाईंच्या स्वच्छ हातांविषयी कुणाच्याही मनात कधीही शंका नव्हती' असं सांगितलं. खैरुनबी पहिल्या रांगेत होत्या. त्या वाक्याला त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामांना भगव्या काठाचा मोठा फेटा बांधला. तो त्यांच्या बारीक अंगावर असा दिसत होता, की लांबून फेटाच चालत आल्यासारखा वाटे.

समारंभ संपल्यावर संध्याकाळी ते फेट्यासकट प्रयोगशाळेच्या दाराशी आले. आतला दिवा चालू राहिला होता. दारावर अनुजा बसली होती. मामांच्या जागी माणूस नेमायची फाइल अजून फिरत होती, तोवर मुलांनी पाळ्या लावल्या होत्या.

"अनुजा, दार उघड. दिवा बंद करून येतो."

अनुजा उठली. तिनं दार उघडलं नाही. रजिस्टर मामांपुढे सरकवलं आणि त्यांच्या डोक्याकडे बघितलं.

"मामा, फेटा?"

"आज एक दीस चालंल की गं."

"विशेष बाब म्हणून?" अनुजा म्हणाली.

मामांनी दोन्ही हातांनी फेटा सांभाळून उतरवला आणि तिच्या टेबलावर ठेवला. बेसिनपाशी जाऊन हात धुतले, कोपरानं नळ बंद केला. खोक्यातून टोपी घेतली, मास्क घेतला. रजिस्टरात नाव लिहिलं, वेळ लिहिली. कामाचं स्वरूप : दिवा बंद करणे. सही केली.

"आता सोड."

अनुजानं सही नीट तपासली आणि दार उघडलं.